रिकामी ओळ

मुलाखत ऑनलाइन होती. समोरच्या चौकोनात साधारण माझ्याच वयाचा एक जण बसला होता आणि त्याने माझं गिटहबचं पान उघडलं होतं. "बरंच काम दिसतंय," तो म्हणाला. मग हळूहळू खाली सरकत गेला. "पण हे बघा, इथे तुम्ही एक रिकामी ओळ टाकलीय. इथेही रिकामी ओळच. इथे शीर्षकाखालची रेघ तीन खुणांनी वाढवलीय." तो हसला. कुत्सितपणे नाही, सहज. "म्हणजे कोड असा नाहीच?"

"डॉक्युमेंटेशनच्या वॉर्निंग्ज फिक्स केल्यात," असं काहीतरी मी पुटपुटलो. ती नोकरी मिळाली नाही. त्या हसण्यामुळे नव्हे. पुढे त्याच मुलाखतीत मला एक साधा प्रश्न सुटला नाही म्हणून. पण तो सुटलेला प्रश्न मी महिन्याभरात विसरलो आणि "म्हणजे कोड असा नाहीच?" हे मात्र डोक्यात राहिलं. तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता लिहितोय.

मार्च २०२३मध्ये माझी पुण्यातली नोकरी गेली. त्या वर्षी अनेकांच्या गेल्या, त्यातलीच एक. खोली सोडली, दोन बॅगा घेतल्या आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला आलो. आमचं घर पूर्व भागात आहे. पलीकडच्या बोळात यंत्रमाग आहेत, त्यांची खडखड लहानपणापासून कानात इतकी बसलेली की माग बंद पडले तरच मला जाग येते. आई-बाबांनी काही विचारलं नाही. गल्लीतले मात्र विचारायचे, "काय करलालास बे सध्या?" मी म्हणायचो, "वर्क फ्रॉम होम." हे अर्धं खरं होतं. होम होतं.

सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि भागाप्रमाणे ते रात्री दीडलाही येतं. घरातल्या कुणीतरी जागं राहायचं असतं. नोकरी नसलेला मुलगा घरी असल्यावर ते कुणी, हे ठरवायला बैठक लागत नाही. तर त्या जागरणात, मोटरचं बटण दाबायची वाट बघत, मी हे काम सुरू केलं.

काम काय ते आधी सांगतो. सॉफ्टवेअरबरोबर त्याचं माहितीपुस्तक असतं. कसं बसवायचं, कसं वापरायचं, काय करायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही पुस्तकं बहुतेक वेळा साध्या मजकुराच्या फायलींत लिहितात आणि त्या मजकुरातच खुणा पेरतात. शीर्षकाखाली रेघ, यादीपुढे आकडा किंवा फुली, तिरप्या अक्षरांसाठी दोन्हीकडे तारका. मग एक प्रोग्राम त्या खुणा वाचून देखणी पानं तयार करतो. मी ज्या प्रकल्पात होतो तिथे खुणांची ही पद्धत 'रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट' होती आणि पानं बनवणारा प्रोग्राम 'स्फिंक्स'. गेओर्ग ब्रांडल यांनी तो पायथन भाषेच्या माहितीपुस्तकासाठी लिहिला आणि २००८ साली सर्वांसाठी खुला केला. लिनक्सच्या कर्नलनेही २०१६मध्ये, ४.८ या आवृत्तीपासून, आपली जुनी डॉकबुकची व्यवस्था सोडून स्फिंक्स घ्यायला सुरुवात केली.

खूण चुकली की स्फिंक्स थांबत नाही. तो आपल्या समजुतीने पान बनवतो आणि जाता जाता एक वॉर्निंग छापतो. 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट', म्हणजे शीर्षकापेक्षा खालची रेघ आखूड आहे. 'अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन', म्हणजे ही ओळ इथे आत का सरकली ते कळलं नाही. सर्वांत गमतीची तारकेची. सी भाषेत तारका म्हणजे पॉइंटर. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये तारका म्हणजे तिरपी अक्षरं सुरू. एखाद्याने वर्णनात पॉइंटरचं नाव तारकेसकट लिहिलं, की स्फिंक्स तिरपी अक्षरं सुरू झाली असं समजतो, संपल्याची तारका शोधतो, ती सापडत नाही, आणि तक्रार करतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

मी ज्या प्रकल्पात होतो तो एक लहानसा बॅकअप प्रोग्राम आहे. डिस्कवरच्या फायलींची प्रत ठेवायची आणि वेळ आली तर ती परत आणायची. नाव मुद्दाम घेत नाही. पहिल्या रात्री त्याची पानं बनवली तेव्हा ३४० वॉर्निंग्ज आल्या. पडद्यावरून त्या अशा धावत गेल्या की कुणी वाचणं शक्यच नव्हतं. तसं कुणी वाचतही नव्हतं.

या कामाला फार मान नाही, आणि त्याचं कारणही आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या उपक्रमात चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळणार होता. हजारोंनी माहितीपुस्तकांत कुठे एक विशेषण घाल, कुठे एक स्पेस घाल असले बदल पाठवून प्रकल्प सांभाळणाऱ्यांना हैराण केलं. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले आणि जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील तेवढेच त्यात धरायचं ठरलं. त्या गर्दीत आपल्याकडचे विद्यार्थीही होते. त्यानंतर भारतीय नावाने रिकाम्या ओळीचा पॅच आला, की उघडणाऱ्याच्या भुवया थोड्या वर जात असतील, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. आणि खरं सांगायचं तर माझाही हेतू धुतल्या तांदळासारखा नव्हता. मलाही बायोडेटात दाखवायला काहीतरी हवं होतं. टी-शर्ट नको होता, इतकंच.

तरीही या वॉर्निंग्ज काढायच्या कशासाठी? ३४० वॉर्निंग्ज असल्या की ३४१वी दिसत नाही. आज कुणीतरी नवीन चूक केली तर ती त्या गर्दीत बेमालूम मिसळते. स्फिंक्सला एक सूचना देता येते, 'डॅश डब्ल्यू'. ती दिली की वॉर्निंग ही वॉर्निंग राहत नाही, चूक ठरते आणि काम नापास होतं. मग नवीन बदल आणणाऱ्याला आपली चूक तिथल्या तिथे कळते. पण ही सूचना आकडा शून्यावर आल्याशिवाय देता येत नाही. ३४० आणि ३ यांत फरक कमी आहे. ३ आणि ० यांत खूप आहे.

कर्नलसारख्या प्रचंड प्रकल्पात हे रोजचं काम आहे. जोनाथन कॉर्बेट यांनी तिथल्या माहितीपुस्तकांचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळला. माउरो कार्व्हाल्हो चेहाब यांनी २०१९च्या सुमारास जुन्या साध्या फायली मोठ्या संख्येने नव्या खुणांत आणल्या. स्टीफन रॉथवेल यांनी २००८मध्ये 'लिनक्स-नेक्स्ट' सुरू केलं. पुढच्या आवृत्तीसाठी तयार होत असलेले सगळ्यांचे बदल तिथे एकत्र करून बघतात. नुसता कोड नाही, माहितीपुस्तकही बांधून बघतात, आणि कुणाच्या बदलामुळे नवीन वॉर्निंग आली तर त्या माणसाला ईमेल जाते. एका आखूड रेघेसाठी. हे वाचल्यावर मला जरा धीर आला. मोठी माणसंही रेघा मोजतात.

मी रोज रात्री दहा-बारा वॉर्निंग्ज काढू लागलो. आकडा उतरत होता. ३००. २६०. २१२. आकडा उतरताना बघण्याची एक झिंग असते, आणि त्या झिंगेत मी चूक केली.

बिघडलेल्या डिस्कवर बॅकअप परत आणण्याच्या पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीत दोन ओळींचा मजकूर होता: डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असेल, तर खालच्या दोन गोष्टी आधी करा. त्याखाली त्या दोन गोष्टी आत सरकवून लिहिल्या होत्या. मध्ये रिकामी ओळ नव्हती. स्फिंक्सची तक्रार: 'अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन'. मी काय केलं, तर त्या दोन गोष्टी बाहेर ओढल्या आणि त्यांना ४ आणि ५ असे आकडे देऊन टाकले. वॉर्निंग गेली. पान नीटनेटकं दिसायला लागलं. मी पॅच पाठवला आणि मोटर बंद करून झोपलो.

सकाळी प्रकल्पातल्या एका जुन्या माणसाचं उत्तर आलं होतं. दोनच वाक्यं. त्यांचा आशय असा, की वॉर्निंग गेली हे खरं, पण तिच्याबरोबर 'तर' पण गेला. जे फक्त कुलूपबंद डिस्कवाल्यांनी करायचं होतं ते आता सगळ्यांनी करायचं झालं.

मी तो मजकूर वाचलाच नव्हता. मी फक्त वॉर्निंग वाचली होती. खरी दुरुस्ती वर एक रिकामी ओळ आणि खाली एक रिकामी ओळ एवढीच होती. मुलाखतीतल्या त्या मुलाने बोट ठेवलं होतं ती रिकामी ओळ हीच. तिथे पोचायला मला एक रात्र आणि एक चपराक लागली होती.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली. सांगावी असं आधी वाटत नव्हतं. बाबा आयुष्यभर छापखान्यात होते. आधी खिळे जुळवायचे. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर तिथेच मुद्रितं तपासायला लागले. कॉम्प्युटरचं काही सांगायला गेलं की "ते तुमचं तुम्हाला" म्हणतात. या वेळी मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिकामी ओळ तुमच्याकडे काय असते? काहीच नाही?"

"काहीच नाही. एंटर दाबायचं."

"आमच्याकडे असायची," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला २७ वर्षांत ठाऊक नव्हतं. खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा आपोआप येत नाही. दोन शब्दांमधल्या जागेसाठी अक्षर नसलेला खिळा घालावा लागतो. ओळ अर्धी राहिली तर उरलेली जागा 'क्वाड'ने भरावी लागते. दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी, तिला 'लेड' म्हणायचे. कागदावर जे कोरं दिसतं ते चौकटीत धातूच असतं, फक्त अक्षरांपेक्षा उंचीने कमी, म्हणून शाई लागत नाही. आणि ते कमी पडलं तर अख्खं पान सैल होतं, उचललं की खिळे खाली सांडतात. "कोऱ्या जागेनेच पान धरून ठेवलेलं असायचं," बाबा म्हणाले, आणि चहाचा कप ठेवायला आत गेले.

मला मग एक जुनी गोष्ट आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाबांच्या छापखान्यात एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापला होता. त्यात सभासदांच्या ठेवींचा तक्ता होता. एका पानावर नावांच्या रकान्यातली एक कोरी ओळ उडाली आणि त्याखालची सगळी नावं एकेक घर वर सरकली. आकडे जागच्या जागी. एकीची ठेव दुसऱ्याच्या नावापुढे, दुसऱ्याची तिसऱ्यापुढे. बाबांनी आकडे तपासले होते, सगळे बरोबर होते. नावं तपासली होती, सगळी बरोबर होती. चूक दोघांच्या मधल्या कोऱ्या जागेत होती. एक बाई छापखान्याच्या दारात येऊन रडल्या होत्या, त्यांचे पैसे गेले असं समजून. आईने कणकेची खळ केली आणि तीन रात्री आम्ही तिघं घरात बसून ८०० अहवालांत दुरुस्तीची पट्टी चिकटवत होतो. मला ती गंमत वाटली होती. बाबांना काय वाटत होतं ते मला आता, माझ्या ४ आणि ५ आकड्यांनंतर, थोडंसं कळलं.

पंचांग ज्या गावातून शंभराहून जास्त वर्षं निघतंय त्या गावात हे वेगळं सांगायला नको. दाते पंचांगाचं कुठलंही पान उघडा, ती रकान्यांची गर्दीच आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. एक रकाना एका घराने घसरला तर सगळे आकडे बरोबर असूनही चतुर्थी चुकीच्या दिवशी येईल.

त्या रात्री बाबा म्हणाले, "तुझं ते पान काढ. आपण वाचू."

छापखान्यात मुद्रित दोघांनी तपासायची पद्धत होती. एक जण मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचणार, विरामचिन्हांसकट. दुसरा छापलेल्यावर बोट ठेवून जाणार. अर्थ लावायचा नाही. अर्थ लावला की डोळा पुढे पळतो आणि जे नाही तेही वाचतो. मी मूळ फायलीची प्रिंट काढून बाबांना दिली आणि तयार झालेलं पान स्वतःपुढे उघडलं. बाबांचं इंग्रजी यथातथाच, पण अक्षर आणि खूण त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ते वाचत गेले. "कोलन. खाली ओळ. आत सरकून तारका." मी बोट फिरवत गेलो. आई म्हणाली, बापलेकांनी पोथी लावलीय.

तिसऱ्या रात्री, बाराच्या पुढे, बाबा वाचत होते, "टिंब टिंब, नोट, कोलन." आणि पुढचं वाक्य. माझ्या पानावर ते वाक्य नव्हतं.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. वाक्य असं होतं, की ही आज्ञा देण्याआधी डिस्क सोडवून, म्हणजे अनमाउंट करून घ्या, नाहीतर तिच्यावरचा मजकूर पुसला जाईल. पानावर त्याच्या आधीचं वाक्य होतं, नंतरचं होतं, हे नव्हतं.

"बाकी ठिकाणी नोटच्या पुढे दोन कोलन आहेत," बाबा म्हणाले. "इथे एकच."

तेच होतं. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये दोन टिंबं, नोट आणि दोन कोलन असतील तर ती ठळक चौकटीतली सूचना होते. एकच कोलन असेल तर स्फिंक्स तिला लेखकाची खासगी टिपणी समजतो आणि पानावर छापतच नाही. आणि वॉर्निंगही देत नाही, कारण त्याच्या नियमांत काहीच चुकलेलं नसतं. आखूड रेघेबद्दल ओरडणारा प्रोग्राम, माणसाचा सगळा डेटा जाऊ शकेल अशी सूचना गिळून गप्प बसला होता. फायलीचा इतिहास पाहिला तर ती ओळ चार वर्षांपूर्वी लिहिलेली. चार वर्षं ती लिहिलेली होती आणि कुणालाच दिसत नव्हती.

माझा तो पॅच एका खुणेचा आहे. एक कोलन. मुलाखतीच्या वेळी तो यादीत बराच वर होता, पण रिकाम्या ओळींच्या ओघात आम्ही दोघंही त्याच्यावरून पुढे गेलो.

आता तुम्ही म्हणाल, मग वॉर्निंग्ज काढून उपयोग काय, खरी चूक तर वॉर्निंगशिवायच होती. मलाही काही दिवस असंच वाटलं. पण त्या पानाशी मी गेलो होतो वॉर्निंगमुळेच. यंत्राला मजकूर कळत नाही, त्याला फक्त कुठेतरी शिवण उसवलीय एवढं कळतं. तिथे जाऊन टाका घालून परत येता येतं, मी महिनाभर तेच करत होतो. किंवा तिथे गेल्यावर आजूबाजूचं कापड हातात घेऊन बघता येतं. दोन्हीत पॅच तेवढाच दिसतो. एक रिकामी ओळ. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही, आणि तो कळत नाही म्हणून त्या मुलावर माझा राग नाही.

वॉर्निंग्ज शून्यावर यायला पुढे पाच महिने लागले. सगळ्या मी काढल्या नाहीत, आणखी दोघं होते. ज्या दिवशी 'डॅश डब्ल्यू' चालू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक बदल नापास झाला. तो माझाच होता.

मध्ये मी एक उद्योग करून पाहिला, पुस्तकातलं पहिलं प्रकरण मराठीत आणायचा. सहज चाचणी म्हणून शीर्षकाच्या जागी 'सोलापूर' असं लिहिलं आणि खाली चार अक्षरांना चार खुणांची रेघ ओढली. वॉर्निंग आली. रेघ आखूड. डोळ्यांना चार दिसतात, पण यंत्र काना-मात्रा-उकार वेगळे मोजतं: ओकार एक, काना एक, ऊकार एक. एकूण सात. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं अजिबात नवल वाटलं नाही. त्यांच्या केसमध्येही काना वेगळ्या घरातून उचलावा लागायचा. कर्नलच्या माहितीपुस्तकांत भाषांतरांचं एक वेगळं फोल्डर आहे. त्यात चिनी आहे, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश आहे. मराठीचं मला दिसलं नाही. माझं पहिलं प्रकरणही अर्धंच झालंय.

नोकरी मिळाली, वेगळ्या ठिकाणी, घरूनच करायची. त्यामुळे गल्लीत "वर्क फ्रॉम होम" म्हणताना आता आवाज पडत नाही. बाबांच्या एका डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. पाणी अजून चार-पाच दिवसांनीच येतं. त्या रात्री आम्ही दोन पानं वाचतो. प्रिंट मोठ्या टायपात काढावी लागते, एवढाच बदल. काल ते वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "इथे एक ओळ कोरी हवी होती का रे?" मी पडद्यावर पाहिलं. वॉर्निंग नव्हती. मग मी तो परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला.